पहिले 55 मिलिलिटर

जिल्हा रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्रात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना अनेक कुपोषित मुले पाहिली. त्यांतल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा पहिला दिवस मला आजही लख्ख आठवतो. गाल आणि पाय भरल्यामुळे नात बाळसे धरते आहे, असे तिच्या आजीला वाटत होते. मी तिच्या पावलावर अंगठा काही क्षण दाबून उचलला, तेव्हा तिथे पडलेला खळगा तसाच राहिला. वजन 6.6 किलो भरले, पण त्यात सुजेचे पाणी किती, हे काटा सांगत नव्हता.

दूध, साखर, तेल आणि पाणी यांचा, 100 मिलिलिटरमागे 75 किलोकॅलरी देणारा आहार दर दोन तासांनी 55 मिलिलिटर द्यायचे ठरले. वाटीतले ते घोटभर दूध पाहून आजी कळवळून म्हणाल्या, "बाई, एवढ्याशानं पोर कशी जगायची? भात कालवून घालू का?"

प्रश्न अगदी रास्त होता. उपाशी शरीर आधी यकृतातली साखर, मग चरबी आणि स्नायू मोडून दिवस काढते. त्या काळात पेशींतले पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फरसही हळूहळू झिरपून जाते, मात्र रक्ताच्या तपासणीत फॉस्फरसचा आकडा बरा दिसू शकतो. अशा वेळी एकदम पोटभर अन्न मिळाले की इन्सुलिन उसळते आणि साखरेबरोबर ही खनिजे रक्तातून पेशींत ओढली जातात. रक्तातली पातळी कोसळली, तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि श्वासाचे स्नायू थकतात. उपासमारीतून सुटलेली माणसे जेवू लागल्यावर दगावतात, ती यामुळेच. मी एवढेच म्हटले, "आजी, सुकलेल्या वाफ्यात पाट एकदम सोडला तर वाफा फुटतो ना, तसंच आहे हे."

उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा होता. यकृतात साठा नसल्यामुळे दोन खाण्यांत फार अंतर पडले तर रक्तातली साखर 54 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते, म्हणून रात्रीही वेळ चुकवून चालत नव्हते. परिचारिका हाक मारण्याआधीच आजी वाटी-चमचा घेऊन बसलेल्या असत, आणि त्या रात्रीचे निम्मे श्रेय मी त्यांना देते.

पुढे सूज ओसरू लागली तसे वजन घटले, तेव्हा त्या घाबरल्या. हे घटणे चांगले आहे, हे पटवायला मला तिच्या पावलावर पुन्हा अंगठा दाबून दाखवावा लागला. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पहिल्या दिवसापासून चालू होते, पण मुलगी फिकट दिसत असूनही लोह मुद्दाम थांबवले होते, कारण लोह धरून ठेवणारे प्रथिन अशा मुलांत कमी असते आणि मोकळे राहिलेले लोह जंतूंच्या कामी येते. भूक परतली, अंगावर खरे मांस चढू लागले, आणि त्यानंतरच डॉक्टरांनी लोहाचे थेंब लिहून दिले.