लीड्समधली बिटर: एअरलॉक गप्प, पण ग्रॅव्हिटी १.०१८

मंडळी, घरी बनवत असलेल्या बिटरच्या (इंग्लिश धाटणीची कडवट बिअर) बॅचचा अपडेट देतोय. मॅरिस ऑटर माल्ट, ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स, यीस्ट एस-०४, ओजी (यीस्ट टाकतानाची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता; यीस्ट साखर खात जातं तशी ती उतरते) १.०४८. आठवड्याभरात वरचा फेस खाली बसला, एअरलॉक (फर्मेंटरच्या झाकणावरची, गॅस बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी नळी) एकदम गप्प, नुसतं बघून कोणीही म्हणेल झालं, भरा बाटल्या. हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती नळी) टाकला तर १.०१८.

एअरलॉकवर माझा भरवसा नाहीच. झाकण जरा सैल बसलं की गॅस कडेनेच निघून जातो आणि एअरलॉक शांत, उलट फर्मेंटेशन कधीच संपलेलं असलं तरी खोली गरम झाली की बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला लागतो आणि बुडबुडे परत सुरू. मग त्यावरून ठरवायचं तरी काय?

यावेळी एक टेस्ट आधीच लावून ठेवली होती आणि ती सगळ्यांनी करावी असं मला मनापासून वाटतं. यीस्ट टाकायच्या वेळीच थोडा वर्ट (माल्टचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) वेगळ्या स्वच्छ बाटलीत काढला, त्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त यीस्ट घातलं, तोंडाला फॉइल सैल लावली आणि बाटली रेडिएटरपासून थोडी लांब, २५ डिग्रीच्या आसपास ठेवली, येता-जाता हलवत राहायचं. एवढं यीस्ट आणि एवढी ऊब मिळाल्यावर ते झटपट संपतं आणि हा वर्ट जास्तीत जास्त किती खाली जाऊ शकतो ते कळतं. माझा १.०११ ला थांबला. म्हणजे मोठ्या फर्मेंटरमध्ये अजून ७ पॉइंट (०.००१ म्हणजे एक पॉइंट) शिल्लक.

७ पॉइंट ऐकायला किरकोळ वाटतात, पण १ पॉइंट म्हणजे ढोबळमानाने अर्धा व्हॉल्यूम गॅस (बिअरच्या आकारमानाच्या निम्मा), तर ७ चे साडेतीन, त्यात बिअरमध्ये आधीच असलेला गॅस आणि वरून प्रायमिंगची (बाटलीत गॅस व्हावा म्हणून भरताना घालायची) साखर धरली की ५ च्या वर जातं. बिटरला २ पुरतात. साध्या बिअरच्या बाटलीला ५ झेपत नाहीत, ती फुटते, आणि काच कुठे उडेल ते सांगता येत नाही. त्यामुळे इथे घाई नकोच.

फर्मेंटेशन मध्येच का अडकलं, तर रात्री खोली पार गार पडते, आणि एस-०४ हे मुळातच लवकर गोळा होऊन तळाशी बसणारं यीस्ट. फर्मेंटर आतल्या खोलीत आणला, २० डिग्री धरली, झाकण न उघडता हळूच गोल फिरवून तळाचं यीस्ट वर आणलं (जोरात हलवू नका, हवा मिसळते). हळूहळू १.०१५, मग १.०१२, आणि तीन दिवसांनी परत घेतलं तरी १.०१२. आता मी झालं म्हणतो. ४.७ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल.

रीडिंग घेताना सॅम्पल दोन ग्लासांत खालीवर ओतून गॅस काढून टाका, नाहीतर बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. टाकल्यावर एक गिरकी द्या, स्थिर झाला की डोळा पातळीला आणून वाचा. माझा २० डिग्रीला कॅलिब्रेट केलेला आहे, १४ डिग्रीचं सॅम्पल असेल तर साधारण १ पॉइंट जास्त दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) असेल तर अल्कोहोल आल्यावर तो सरळ वाचता येत नाही, करेक्शन लागतं. आणि सॅम्पल परत फर्मेंटरमध्ये ओतायचं नाही, पिऊन टाका, चव पण कळते.

ग्रॅव्हिटी थांबली तरी यीस्टचं काम संपलेलं असतंच असं नाही, म्हणून डायअसेटिलची (फर्मेंटेशनमध्ये तयार होणारा लोण्यासारख्या वासाचा पदार्थ, जो यीस्टच नंतर साफ करतं) टेस्ट पण केली. दोन झाकलेले ग्लास, एक ६० डिग्रीच्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं, एक तसाच, मग गरम केलेला गार करून दोन्हींचा वास घेतला. गरम केलेल्याला लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आला तर अजून थांबायचं. दोन्हींत नुसत्या माल्टचा आणि गोल्डिंग्जचा वास, छान!

या वीकेंडला बॉटलिंग. १९ लिटरला ८५ ते ९० ग्रॅम साधी साखर उकळून घालणार, आणि हा हिशोब करताना शेवटी शेवटी बिअर सगळ्यात गरम होती ते तापमान धरलंय, म्हणजे २० डिग्री, आज खोलीत किती आहे ते नाही, कारण बिअरमध्ये आधीचा गॅस किती उरलाय ते त्यावर ठरतं.