चरणाऱ्या शेळ्यांचा विमा

आटपाडी तालुक्यात आमचं माळरान आहे. उस्मानाबादी शेळ्या आम्ही चारूनच वाढवतो. तारेनं रानाचे तुकडे पाडलेत आणि गवत वीतभर उरलं की कळप पुढच्या तुकड्यात. जंताच्या अळ्या बुडख्याजवळ असतात, म्हणून त्याखाली चरू देत नाही. हे सगळं बसलं. अडलं ते विमा कंपनीत.

नियम असा, की कानात पॉलिसीवरच्या नंबरचा बिल्ला नसेल तर भरपाई नाही. गोठ्यातल्या शेळीला हे ठीक. आमची शेळी दिवसभर बोरी-बाभळीत तोंड घालते. बिल्ला काट्यात अडकतो, ती हिसका देते आणि कान फाटून बिल्ला फांदीवर राहतो. एका गाभण शेळीचं असंच झालं. त्याच दिवशी डॉक्टरांकडून नवा बिल्ला मारून घेतला आणि दाखला जोडून कंपनीत अर्ज दिला. पुढे तिला घोणस चावली. शवविच्छेदनाचा अहवाल, फोटो, बिल्ल्यासकट कान, सगळं जमा केलं. उत्तर आलं, "पॉलिसीवरचा नंबर जुळत नाही."

जुळणार कसा? नंबर बदलायचा अर्ज त्यांच्याच टेबलावर पडलेला! एक साहेब दुसऱ्याकडे पाठवायचे, दुसरे रजेवर. वर सल्ला, "चरायला सोडताच कशाला? बांधून ठेवा." तो मला अजून सलतो. चरण्यावरच आमचा खर्च निघतो, लेंडी रानातच पडते, माळ सुधारतोय. शेवटी अर्जाची शिक्क्याची पोच जोडून लेखी तक्रार केली. कंपनीनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर पुण्यात विमा लोकपालांकडे जाता येतं, तेही त्यात लिहिलं. मग पैसे आले. पोच हातात पडल्याशिवाय टेबल सोडू नका.

लसीकरणाच्या नोंदीही जपा, पीपीआरची (शेळ्यांचा प्लेग) आणि पावसाळ्याआधीच्या आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याचा रोग). दाव्याच्या वेळी मागतात. बिल्ला मारताना कानाच्या शिरा टाळून, डोक्याकडच्या बाजूला मारायला सांगा. टोकाला मारला की लवकर फाटतो.

बोकडांचा कान तर जिवापाड जपा. कानाचा मोठा भाग गेलेलं बोकड कुर्बानीला चालत नाही, आणि खरा भाव बकरी ईदलाच. असं बोकड ईदपर्यंत पोसू नका. व्यापारी उक्ता भाव करायला बघतो. आम्ही दारात काटा टांगलाय, जिवंत वजनावरच देतो.