ठिपक्यांच्या फ्रॉकमागचं काम: 'वी आर द पिपेट्स'

पिपेट्स हा तीन मुली पुढे गाणारा ब्रिटिश पॉप बँड. त्यांचं नाव काढलं की आधी ठिपक्याठिपक्यांचे फ्रॉक आणि तिघींचे एकसारखे हातवारे डोळ्यांसमोर येतात. त्यामुळे त्यांच्या पहिल्या अल्बमला 'गंमत म्हणून ठीक' असा शेरा मारून मोकळं होणं फार सोपं आहे. पण डोळे मिटून, नुसत्या कानांनी ऐकलं तर 'वी आर द पिपेट्स' हा बांधणीचा अल्बम आहे. त्यातलं जुनेपण कपड्यांपेक्षा मांडणीत जास्त आहे.

बँड इंग्लंडमधल्या ब्रायटनचा, २००३ मध्ये सुरू झालेला. कल्पना मॉन्स्टर बॉबी नावाच्या गिटारवाल्याची. अल्बममध्ये गाणाऱ्या तिघी म्हणजे रोझे, रायट बेकी आणि ग्वेनो. मागे वाजवणारे चौघे म्हणजे 'द कॅसेट्स'. बीटल्सच्या आधीच्या पॉपकडे परत जायचं, हे त्यांचं उघड धोरण होतं. मेम्फिस इंडस्ट्रीज या रेकॉर्ड कंपनीने अल्बम जुलै २००६ मध्ये काढला. निर्मिती गॅरेथ पार्टन आणि अँडी ड्रॅगाझिस यांची. १४ गाणी, आणि सगळी मिळून ३५ मिनिटांच्या आत संपतात.

हा आटोपशीरपणाच पहिली कारागिरी. साठच्या दशकातला गर्ल-ग्रुप (फक्त मुलींचा गाणारा गट) सिंगल अडीच मिनिटांत आटपायचा: लगेच ओळखू येणारी सुरुवात, पहिल्या मिनिटाच्या आत कोरस, आणि लांबलचक सोलो नाहीच. नवे बँड ही शैली उचलताना नेमके इथे घसरतात. आवाज जुना, पण गाणं चार मिनिटांचं. तिसऱ्या कोरसनंतर सांगण्यासारखं काही उरत नाही आणि सगळी नक्कल उघडी पडते. पिपेट्स त्याआधीच बाहेर पडतात.

दुसरी गोष्ट आवाजाच्या भिंतीची, म्हणजे 'वॉल ऑफ साउंड' या दाट आवाजाच्या पद्धतीची. मूळ पद्धत लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओतली: निर्माता फिल स्पेक्टर, वाद्यांची मांडणी करणारा अरेंजर जॅक नित्शे, इंजिनियर लॅरी लेव्हिन. अनेक गिटार, एकाहून जास्त पियानो, सगळे एकाच खोलीत एकाच वेळी वाजवणार. त्यावर एको चेंबरचा (आवाज घुमवणाऱ्या खोलीचा) घुमारा, आणि शेवटी सगळं मोनोत, म्हणजे एकाच चॅनेलवर. स्पेक्टरने केलेल्या, द रोनेट्सच्या १९६३ च्या 'बी माय बेबी'ची सुरुवात ऐका. बेस ड्रम पहिल्या ठोक्यावर, मग दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे, मग तिसऱ्यावर. स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, फक्त चौथ्यावर. नेहमीच्या रॉकमध्ये स्नेअर दोन आणि चारवर पडतो. इथे दुसरा ठोका रिकामा सोडल्यामुळे घुमाऱ्याला पसरायला जागा मिळते.

घरच्या रेकॉर्डिंगमध्ये अशी भिंत उभी करणाऱ्यांचा पहिला घोटाळा म्हणजे एकच गिटार ट्रॅक तीनदा कॉपी करणं. त्याने आवाज नुसता मोठा होतो. कॉप्या थोड्या मागेपुढे सरकवल्या तर काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात आणि गिटार पोकळ ऐकू येते. भाग तीनदा खरोखर वाजवावा लागतो. माणसाच्या हाताचा किंचित फरक हाच दाटपणा.

दुसरा घोटाळा रिव्हर्बचा, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याचा. मिनिटाला १४० ठोक्यांच्या लयीत एक ठोका साधारण ४३० मिलिसेकंदांचा. अडीच सेकंदांचा रिव्हर्ब लावला की तो जवळजवळ सहा ठोके रेंगाळतो, म्हणजे पुढच्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांवर) मागचा कॉर्ड चढलेलाच. उपाय: लांबी दीड सेकंदाच्या आसपास आणा आणि रिव्हर्बच्या चॅनेलवर ६०० हर्ट्झच्या खालचं व १० किलोहर्ट्झच्या वरचं कापा. बेस गिटार आणि बेस ड्रम शक्यतो कोरडेच, म्हणजे रिव्हर्बशिवाय ठेवा.

तिघींनी एका सुरात गायचं म्हटलं की 'स' आणि 'ट' तीन वेगवेगळ्या क्षणी पडतात. ओळीच्या शेवटचं व्यंजन एकीनेच स्पष्ट म्हणायचं, बाकी दोघींनी स्वरावरच थांबायचं. घासणारा 'स' रिव्हर्बमध्ये जाण्याआधीच दाबा, नंतर दाबून उपयोग नाही.

या अल्बममध्ये 'पुल शेप्स' सगळ्यात भरगच्च: तंतुवाद्यं, टाळ्या, तिघींचे आवाज, आणि तरीही काहीच एकमेकांच्या पायात येत नाही. ब्रिटनच्या चार्टवर ते २६ व्या क्रमांकापर्यंत गेलं. अल्बम ४१ वर थांबला. माझ्या मते चाल म्हणून 'ज्युडी' अधिक टिकाऊ आहे, पण त्यावर वाद होऊ शकतो.

शब्द मात्र १९६३ चे नाहीत. जुन्या गाण्यांतली मुलगी बहुतेकदा वाट पाहणारी. इथे 'युअर किसेस आर वेस्टेड ऑन मी'मध्ये ती सरळ नकार देते, 'वन नाइट स्टँड'मध्ये एका रात्रीनंतर तीच निघून जाते, आणि 'एबीसी'मधला पुस्तकी मुलगा सगळं शिकूनही तिच्या कामाचा नाही. चाल इतकी गोड की शब्दांचा डंख दुसऱ्यांदा ऐकताना लागतो.

उणीव आहेच. इतकी गाणी एकाच उत्साहात, त्यामुळे सलग ऐकताना कान थकतात. सातव्या जागेवर 'अ विंटर्स स्काय' ठेवून श्वास दिलाय, आणि मला वाटतं असं अजून एखादं गाणं दहाव्यानंतर हवं होतं.

घ्यायचा असेल तर आवृत्ती बघून घ्या. २००७ मध्ये अमेरिकेत चेरीट्री-इंटरस्कोपने काढलेल्या अल्बमचं मिक्सिंग ग्रेग वेल्सने नव्याने केलंय. आधी मेम्फिस इंडस्ट्रीजची मूळ आवृत्ती ऐका. दुसरा अल्बम २०१० चा, मार्टिन रशेंटच्या निर्मितीतला, तोवर रोझे आणि बेकी बाहेर पडल्या होत्या. तो वेगळाच मामला. ग्वेनोने पुढे वेल्श आणि कॉर्निश (कॉर्नवॉलची जुनी भाषा) या भाषांत एकटीने अल्बम केले. तिचा २०१८ चा 'ल कोव' पूर्ण कॉर्निशमध्ये आहे, आणि त्यात या तिघींच्या सुराचा मागमूसही नाही.