काचेपलीकडचा दादा

दादाच्या बोनमॅरो ट्रान्सप्लांटला आज बारावा दिवस, आणि आई रोज विचारते घरचे पोहे का नाही नेत, इंदौरचा माणूस पोह्यांशिवाय कसा राहील, आता तिला काय सांगू की वरची कच्ची कोथिंबीर न कांदाच नको म्हणतात तिथे. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, 500च्या खाली आहेत, साधी बुरशीसुद्धा जिवावर बेतू शकते. खोलीत हेपा फिल्टर, 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो म्हणे, शिवाय आतल्या हवेचा दाब जास्त, दार उघडलं की हवा बाहेरच ढकलली जाते. पण मला विचाराल तर खरं काम हात धुण्याचंच! काल मावशी खजरान्याच्या गणपतीचं जास्वंद घेऊन आली, सिस्टरने दारातच अडवलं, मावशी रुसली. दादाने आतून फोन लावला, "मावशी, शेव आणून परत नेली असतीस ना, तर भांडलो असतो."