टीव्ही गेमच्या जुन्या कॅसेटींसाठी नागपूर: दोन दिवसांचा वृत्तांत

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी आणि माझी भाची गणेशपेठच्या एसटी स्टँडवर उतरलो. अमरावतीहून पहाटेची गाडी पकडली होती. माझ्या सॅकमध्ये कपड्यांचा एक जोड आणि बाकी सगळ्या वायरी होत्या. भाची पंधरा वर्षांची आहे, तिने जन्मात कधी कॅसेट घातलेला गेम खेळलेला नाही. "मामा, एवढं सगळं लागतं?" तिने विचारलं. लागतं. का, ते पुढे येईलच.

आधी मला काय हवं होतं ते सांगतो, कारण त्यावरच कुठे जायचं ते ठरतं. निन्टेन्डो या जपानी कंपनीचं फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला लावून कॅसेट घालून खेळायचं गेमचं यंत्र, जपानमध्ये १५ जुलै १९८३ला विकायला आलं. आपल्याकडच्या घरांत आलं ते बहुतेक त्याच्या नकलेच्या रूपात. मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर ही नावं माझ्या वयाच्या माणसाला आजही खडखडीत आठवतात. परदेशातला संग्राहक या यंत्रांना नकली म्हणून बाजूला ठेवतो. मला तीच हवी आहेत. शेजारच्या घरात चप्पल काढून, खाली बसून, आपला नंबर येईपर्यंत आम्ही जे पाहिलं ते हेच होतं. आणि नकली म्हणून कोणी जपत नाही, म्हणून ती सगळ्यात आधी भंगारात जातात. जपानी मूळ फॅमिकॉम आजही पैसे मोजून मागवता येतं. चालू अवस्थेतलं लिटल मास्टर डब्यासकट मिळवून दाखवा.

म्हणून सॅक. तिच्यात हे होतं: गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याला लावतात तो छोटा स्क्रीन आणि त्याला १२ व्होल्टचा बॅटरी पॅक, पिवळी-पांढरी एव्ही वायर, ९ व्होल्टचा ॲडाप्टर, मल्टिमीटर, टॉर्च, बारीक पेचकस, कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली, पेन्सिल सेल, आणि नक्की चालणारी एक कॅसेट. शेवटची वस्तू विसरू नका. विकणाऱ्याकडे यंत्र असतं तर कॅसेट नसते, कॅसेट असते तर यंत्र नसतं, आणि स्क्रीन कोरा राहिला की दोष कशाचा हे कळायला मार्ग उरत नाही. ॲडाप्टरबद्दल एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. फॅमिकॉम आणि त्याच्या बऱ्याचशा नकलांमध्ये पिनच्या मधोमध ऋण आणि बाहेर धन असतं, आजच्या बहुतेक ॲडाप्टरांच्या उलट. यंत्रावर छापलेली खूण पाहा, मल्टिमीटरने ॲडाप्टर तपासा, मगच पिन घाला.

स्टँडवरून ऑटोने सीताबर्डीला आलो. तर्री पोहे खाल्ले, दोघांनी दोन-दोन प्लेट, आणि मेन रोडच्या बाजूला मोदी नंबर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांत शिरलो. इथे सरळ जाऊन "जुने व्हिडिओ गेम आहेत का" असं विचारलंत तर नवीन प्लेस्टेशन दाखवतील. मी तीन दुकानांत हेच केलं आणि अर्धा तास घालवला. चौथ्या ठिकाणी विचारलं, "कॅसेटवाला गेम, टीव्हीला लावायचा, लहानपणीचा." काउंटरवरचे काका लगेच म्हणाले, "अरे बाप्पा, तो कुठी मिळते आता! माळ्यावर एक होता, पाहून सांगतो जी." शब्द बदलला की माणसाची आठवण जागी होते. कन्सोल म्हणू नका, कंट्रोलर म्हणू नका. टीव्ही गेम, कॅसेट, रिमोट असंच विचारा.

माळ्यावरून निघालं ते प्लेस्टेशन २ होतं, सडपातळ आवृत्ती. पीएस२ नागपुरात अजून सहज दिसतो, दुरुस्तीच्या दुकानांत तर ढिगाने. घ्यायचा असेल तर लेझर तपासा. ज्या मूळ डिस्कचा मागचा भाग निळा असतो ती सीडी, जो चंदेरी असतो ती डीव्हीडी. दोन्ही लावून पाहा, कारण थकलेलं लेझर कधी एक वाचतं आणि दुसरीवर अडून बसतं. बहुतेक यंत्रांत कॉपी डिस्क चालवायची चिप बसवलेली असते आणि सोबत मार्करने नाव लिहिलेल्या डिस्कांची थप्पी येते. त्या थप्पीत मला रस नव्हता. पण तिच्याखाली छापील कव्हर असलेली एक डिस्क होती, 'हनुमान: बॉय वॉरियर'. हा २००९चा, हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने केलेला गेम, भारतात तयार झालेला पीएस२वरचा पहिला. खेळ म्हणून तो फार चांगला नाही, हे मी खेळून झाल्यावर सांगतोय. पण आपल्या देशातल्या माणसांनी त्या यंत्रासाठी काहीतरी करून पाहिलं, याचा तो पुरावा आहे. काकांनी १५० सांगितले, मी घासाघीस केली नाही. त्याच वर्षीचा 'देसी अड्डा' हाही गेम कुठे दिसला तर सोडू नका. त्यात कबड्डी आहे, गिल्लीदांडू आहे, पतंग आहे.

पुढच्या गल्लीत एका दुकानात गेम बॉय ॲडव्हान्स या निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या सात कॅसेटी काचेत मांडलेल्या होत्या. भाचीला पोकेमॉनची ओढ, तिने हात पुढे केला. विकणारा प्रत्येकीला १,२०० म्हणत होता आणि ओरिजिनल म्हणून शपथ घेत होता. मी टॉर्च काढली. खऱ्या कॅसेटच्या तोंडाशी, सोनेरी पट्ट्यांच्या जरा वर, सर्किटवर निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसतं. या सातांपैकी एकीवरही नव्हतं. खऱ्या लेबलावर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, तिरप्या उजेडात दिसतात. तेही नव्हते. काही वर्षांपूर्वी मी अशीच एक न तपासता घेतली होती. चाळीस तासांचा सेव्ह केलेला गेम एका सकाळी पुसला गेला. नकली कॅसेट खेळायला म्हणून, नकलीच्या भावात घेतली तर माझी हरकत नाही. खऱ्याच्या भावात घेऊ नका. भाचीने नाराजीने हात मागे घेतला. दुकानाबाहेर आल्यावर मात्र तिनेच टॉर्च मागून घेतली आणि पुढचा सगळा वेळ तपासणीचं काम तिच्याकडे राहिलं.

दुपारी मेट्रो. सीताबर्डीला दोन्ही मार्गिका मिळतात. तिथून ॲक्वा लाइनने प्रजापती नगरच्या दिशेने चितार ओळी चौकापर्यंत गेलात की इतवारी आणि महाल दोन्ही पायी जवळ पडतात. मूर्तिकारांची ओळ इथलीच. इतवारीच्या गर्दीत खेळण्यांच्या ठोक दुकानांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथे मिळणारे टीव्ही गेम नवे आहेत, सगळं काही एका चिपवर, हलकं प्लॅस्टिक, आणि डब्यावर ९९९९९९९ इन १. त्यातले वेगळे गेम मोजून थोडेच असतात. बाकी आकडा म्हणजे तोच गेम वेगळ्या पातळीपासून किंवा जास्त जीव देऊन सुरू केलेला. लहान मुलांना द्यायला ठीक. मी एक जोडी रिमोट घेतली, सुट्या भागांसाठी.

खरी गोष्ट महालात घडली.

चहाच्या टपरीवर मी टपरीवाल्याला विचारलं, जुना टीव्ही मेकॅनिक कोण आहे इथे, पिक्चर ट्यूबवाला? त्याने एका वाड्याच्या तळमजल्याकडे बोट दाखवलं. आत सत्तरीकडे झुकलेले एक काका टेबल फॅन उघडून बसले होते. मागे फळीवर चौदा इंची जुना टीव्ही, बाजूला सोल्डरचा धूर बसून काळी झालेली भिंत. मी विषय काढला तसे ते पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "कायले पाह्यजे तुम्हाले? विकाले का खेळाले?"

"ठेवायला," मी म्हणालो. "आणि खेळायलाही."

"बस मग."

नव्वदच्या दशकात दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे रांग लागायची. पोरांनी दिवसभर गेम चालवायचा आणि मे महिन्यात यंत्र तापून बंद पडायचं. त्यांनी एक उघडून दाखवलं. ॲडाप्टरमधून आलेले ९ व्होल्ट ५ व्होल्टवर आणणारा ७८०५ नावाचा रेग्युलेटर असतो, धातूच्या पत्र्याला चिकटलेला. उरलेली सगळी शक्ती तो उष्णता म्हणून बाहेर टाकतो. नागपूरच्या उन्हात, गादीवर ठेवलेल्या यंत्रात तो पहिला जातो. बदलायला किरकोळ खर्च येतो. म्हणून बंद पडलेलं यंत्र पाहून परतू नका, त्यातली बरीच इथेच अडलेली असतात. पण आत चिपच्या जागी काळ्या राळेचा गोळा असेल आणि बिघाड त्याच्या खाली असेल, तर ते उघडता येत नाही, दुरुस्तही होत नाही. ज्याच्या बोर्डावर पायवाल्या वेगळ्या चिप दिसतात ते जुनं आणि घेण्यासारखं. कॅसेटींनाही हाच नियम.

एक गोष्ट त्यांनी रागावून सांगितली. कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची सवय आपल्या सगळ्यांना होती. "थुंकी जाते आत. पितळ सडते." चालायची ती फुंकरीने नव्हे, काढून पुन्हा घातल्याने पिना नीट बसायच्या म्हणून. काडी अल्कोहोलमध्ये भिजवायची, पट्ट्यांवरून फिरवायची, काळं निघेपर्यंत काड्या बदलायच्या, सुकू द्यायचं. आम्ही तिथे बसून अकरा कॅसेटी पुसल्या, नऊ चालल्या.

मग त्यांनी खोक्यातून प्लॅस्टिकची बंदूक काढली. बदकं मारायचा गेम लावला, जुना टीव्ही चालू केला आणि भाचीच्या हातात दिली. पहिलंच बदक पडलं. ती ओरडली तसा वाड्यातला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. माझ्या छोट्या स्क्रीनवर हीच बंदूक निर्जीव होती. कारण चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड त्याच क्षणी शोधतो. पिक्चर ट्यूब तो क्षण पाळते. एलसीडी उशीर करते आणि तिचा उजेडही वेगळ्या तऱ्हेचा असतो. बंदूक घेणार असाल तर घरी पिक्चर ट्यूबचा टीव्ही ठेवा. तो स्वतः मात्र उघडू नका, बंद केल्यावरही आत जबर व्होल्टेज साठलेलं असतं.

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो. रात्री त्यांनी माळा शोधून ठेवला होता. लिटल मास्टर एक, डबा नाही, एका रिमोटचं ए बटण दबत नव्हतं. कॅसेटी चौदा. त्यांत बॅटल सिटी, सर्कस चार्ली, रोड फायटर, आणि ६४ इन १ तीन. भाची आणि वाड्यातला तो मुलगा बॅटल सिटीवर बसले, गेममधला गरुड वाचवायला दोघांची आरडाओरड. भावाची गोष्ट निघाली तेव्हा काका म्हणाले, "तुम्हीच सांगा जी." मी यंत्राचे ८०० आणि कॅसेटींचे सरसकट ५० प्रमाणे ७०० सांगितले. त्यांनी ५०० आणि ५०० घेतले. बंदूक द्यायला मात्र नाही म्हणाले.

अशा माणसाशी व्यवहार करताना इंटरनेटवरचे भाव दाखवू नका. परदेशात एखादी मूळ कॅसेट हजारोंना जाते म्हणून इथल्या नकलेची किंमत तेवढी होत नाही, आणि समोरच्याच्या मनात उगाच तेढ बसते. उलट, तुम्हाला किंमत माहीत आहे आणि त्यांना नाही, याचा फायदाही घेऊ नका. काकांच्या ओळखीत कोणाकडे १९९५च्या सुमारासचं सेगा मेगा ड्राइव्ह, म्हणजे सेगा कंपनीचं टीव्ही गेमचं यंत्र, आहे. शॉ वॉलेस कंपनीने ते भारतात आणलं तेव्हा १८,००० रुपयांना मिळायचं, म्हणजे त्या काळी चांगल्या पगाराचेही काही महिने. मी काकांना स्पष्ट सांगितलं, ते मूळचं निघालं तर स्वस्तात देऊ नका म्हणावं.

राहण्याचं थोडक्यात. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा येऊ नका. सीताबर्डीच्या आसपास खोली मिळत नाही, मोर्च्यांमुळे रस्ते अडतात. एप्रिल-मे तर नकोच, पारा ४५च्या घरात जातो, माणसाचं सोडा, उन्हात उभ्या गाडीत ठेवलेलं प्लॅस्टिक वाकतं. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. शनिवार दुकानांसाठी, रविवार ओळखीसाठी असे दिवस वाटून घ्या. रोख सोबत ठेवा, महालातल्या काकांकडे यूपीआय नव्हतं. परतताना यंत्र कपड्यांत गुंडाळून मांडीवर घ्या, एसटीच्या डिकीत टाकू नका.

घरी येऊन रिमोट उघडला. ए बटणाखालच्या रबरावरचा काळा थर झिजला होता. इतवारीतून आणलेल्या जोडीतलं रबर कापून बसवलं, दोन दिवस चाललं, मग घसरलं. काकांना फोन केला. ते म्हणाले, फेब्रुवारीत या, माझ्याकडे जुन्या रबरांचा एक डबा आहे, आणि पोरीलाही आणा, बदकं वाट पाहून रायली.