तुम्ही विचारलंत म्हणून: चिठ्ठी देऊन मोकळा का होत नाही?

वर्गमित्र विचारतात, मेडिकलवाले विचारतात, पेशंटचे पुण्यातले भाऊ फोन करून विचारतात. "डॉक्टर, तुम्ही फॅमिली डॉक्टर. डिप्रेशनच्या गोळ्या तुम्ही कशाला लिहिता? सरळ सायकियाट्रिस्टकडे का पाठवत नाही?" तालुक्याच्या गावात २७ वर्षं दवाखाना चालवतोय. आजवर प्रत्येक वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आज सगळं सांगतो.

पाठवत होतो. वर्षानुवर्षं पाठवतच होतो.

पिठाची गिरणी चालवणारी एक बाई, चाळिशीतली. नवरा पाठीच्या दुखण्याने घरी बसलेला. चार महिन्यांत ती नऊ वेळा आली. कधी हातापायांना मुंग्या, कधी छातीत धडधड, कधी अंगावरून पांढरं जातंय. हिमोग्लोबिन, थायरॉईड, ईसीजी, सगळं नॉर्मल. मी बी-ट्वेल्वची इंजेक्शनं दिली, झोपेसाठी अल्प्राझोलाम दिली, तिने फारच आग्रह केला म्हणून दोनदा सलाईनही लावलं. नवव्या वेळी बीपीचा पट्टा बांधताना दिसलं, कोपराच्या वळीत पीठ साचून घट्ट झालं होतं. एरवी चापूनचोपून नेसलेली, वेणीफणी करून येणारी बाई. "ताई, अंघोळ कधी केलीत?" असं विचारलं आणि ती रडायलाच लागली. बाहेर वीसेक पेशंट बसलेले. मी लेटरहेडवर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, जिल्ह्याच्या ठिकाणच्या मानसोपचारतज्ज्ञांचं नाव घातलं आणि "यांना दाखवून या" म्हणालो. कशासाठी, ते सांगितलं नाही.

नवऱ्याने ती चिठ्ठी वाचून घ्यायला एका मेडिकलवर नेली. काउंटरवरच्या पोराने ती चारचौघांत वाचली आणि अर्थही सांगितला, "येड्यांचा डॉक्टर आहे." संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं. दळण घेऊन येणाऱ्या बायका पलीकडच्या गिरणीवर जायला लागल्या. जिल्ह्याला तर ती गेलीच नाही. माझ्याकडेही आली नाही. हे सगळं मला पाच महिन्यांनी कळलं, रात्री अकराला तिला रिक्षातून आणलं तेव्हा. तिने विष घेतलं होतं. विषावरचं अॅट्रोपिन सुरू करून जिल्ह्याला हलवलं. वाचली. बाराव्या दिवशी भेटायला गेलो तर भिंतीकडे बघत म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुमच्याकडं आलं की बरं वाटायचं. तुम्ही कागद दिला."

तेव्हाचा मी आजही माझ्याशी भांडतो. म्हणतो, नियमाने वागलास, तुझं काय चुकलं? एमबीबीएसच्या एवढ्या वर्षांत मानसोपचार विभागात दोन आठवडे काढलेला माणूस दुसरं काय करणार? आणि दिवसाला सत्तर पेशंट. त्याचं सगळंच खोटं नाही. पण नऊ वेळा ती माझ्यासमोर बसली होती, आणि माझ्या हातात होतं ते मी लॅबच्या कागदांवर घालवलं.

पाठवायचं तरी कुठे? देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या १०० पेशंटपैकी ८५ जण उपचारांविना होते. ते काही घरात कोंडून बसलेले नसतात. आमच्याच बाकावर असतात, अशक्तपणा, डोकं जड, जीव घाबरतो अशी नावं सांगत. आणि तिकडे जायचं तर एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, वर लोक काय म्हणतील. फॅमिली डॉक्टरकडे जाण्याला मात्र कुणी नाव ठेवत नाही.

आता दुसरी बाजू, कारण विचारणाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्या घटनेनंतर मी जोशात गोळ्या लिहायला लागलो. बावीस वर्षांच्या एका मुलाला नैराश्य समजून एस्सिटालोप्राम दिली. तिसऱ्या आठवड्यात तो रात्ररात्र जागा, वडिलांची मोटरसायकल विकून आलेला, बोलणं थांबेना. बायपोलर होता, म्हणजे कधी नैराश्य, तर कधी त्याच्या उलट, मन अतिशय चढलेलं. आधी कधी असं चढलं होतं का, हे घरच्यांना मी विचारलंच नव्हतं. त्याच्या आईसमोर उभं राहणं फार जड गेलं. त्या मुलाला तज्ज्ञांची गरज होती आणि आजही तो त्यांच्याकडेच आहे.

म्हणून मी त्याच तज्ज्ञांकडे गेलो आणि म्हणालो, मला पेशंट पाठवायचा नाही, मला तुमच्याशी बोलायचंय. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी दोननंतर ते माझा फोन घेतात. दहा मिनिटं, तीन-चार पेशंट. नैराश्य ओळखायचा नऊ प्रश्नांचा कागद, पीएचक्यू-९, मी आधीही वापरायचो, पण मरणाच्या विचारांबद्दलचा नववा प्रश्न गाळायचो. विचारलं तर डोक्यात भरवल्यासारखं होईल, ही भीती. विचारल्याने विचार येत नाही, आलेला बोलायला वाट मिळते, हे मला त्यांनी फोनवर शिकवलं. अल्प्राझोलामची लागलेली सवय हळूहळू कशी सोडवायची, हेही. याआधी दोन कार्यशाळा केल्या होत्या, स्लाइड पाहिल्या, प्रमाणपत्र आहे. सोमवारी समोर पेशंट बसला की त्यातलं काही हाताशी येत नव्हतं.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने कर्नाटकातल्या प्राथमिक केंद्रांच्या डॉक्टरांना असंच शिकवलंय. डॉक्टर आपल्याच ओपीडीत आपलाच पेशंट तपासतो आणि तज्ज्ञ व्हिडिओवरून सोबत असतो. गोव्यात प्रशिक्षित साधी माणसं समुपदेशक म्हणून दवाखान्यांत बसवली, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. सरकारी केंद्रांत पेशंटना स्पष्ट फायदा झाला, खाजगी डॉक्टरांकडे समुपदेशकामुळे फारसा फरक पडला नाही, कारण तिथले पेशंट तसेही बऱ्यापैकी सुधारत होते. हे वाचून मी सुखावलो होतो, लपवत नाही. पण त्या खाजगी डॉक्टरांत मी नव्हतो, आणि गिरणीवाल्या ताई माझ्याकडे सुधारल्या नव्हत्या.

आता त्या येतात. गोळी चालू आहे, माझ्याच हातची. त्यांच्या फाइलमध्ये याचा कागद ठेवत नाही, तसं त्यांनीच सांगितलंय. हे वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही, मला कळतं. नोंदी माझ्या वहीत आहेत.

तज्ज्ञ येत्या मार्चमध्ये मुलीकडे नाशिकला कायमचे जाताहेत. गुरुवारचा फोन त्यानंतर कुणाला लावायचा? दुसऱ्या दोघा मानसोपचारतज्ज्ञांना विचारलंय. एकाने "पेशंट पाठवा" म्हणून सांगितलं. दुसऱ्याचं उत्तर यायचंय.