पुलावरची दुसरी गाडी

हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकणाऱ्या ट्रकवर मी ड्रायव्हर आहे. काम रात्रीचं. लोक कामाला आणि पोरं शाळेला निघायच्या आत रस्ते चालवण्याजोगे करून ठेवायचे. बऱ्याच जणांना वाटतं की आम्ही फावड्याने मीठ ओतत जातो. प्रत्यक्षात गोठण्याआधी टाकायचं मीठ साधारण १० ते २० ग्रॅम, तेही अख्ख्या चौरस मीटरला. मागची चकती गरागरा फिरत ते पसरते आणि मीठ किती सोडायचं ते ट्रकच्या वेगावर ठरतं. ट्रक थांबला की मीठही थांबतं. एखाद्या जागी उभं राहून ढीग घालायची सोयच नाही.

त्या रात्री बर्फ पडला नव्हता. संध्याकाळी पाऊस झाला आणि मध्यरात्रीनंतर आभाळ मोकळं झालं. आम्हाला खरी धास्ती अशाच रात्रीची. बर्फ पडलेला दिसतो, त्यामुळे लोक आपसूक जपून चालवतात. मोकळ्या आभाळाखाली मात्र रस्त्याची ऊब भराभर निघून जाते, रस्ता हवेपेक्षा गार पडतो आणि जिथे ओल असेल तिथे ती गोठते. थर इतका पातळ की खालचं डांबर दिसतं, रस्ता नुसता ओला वाटतो. हाच तो ब्लॅक आइस. पुलांवर तो आधी धरतो, कारण बाकीच्या रस्त्याला खालून जमिनीची थोडी ऊब मिळते, पुलाला वरून वारा आणि खालूनही वाराच.

पहाटेची दुसरी फेरी चालू होती. नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी उतारावरचं पाणी रस्त्यावर येतं आणि टाकलेलं मीठ धुऊन नेतं, म्हणून तिकडे पुन्हा निघालो होतो. पुलावर एक गाडी उलट्या तोंडाने उभी दिसली. मागची बाजू कठड्याला टेकलेली, हेडलाइटचा झोत थेट माझ्या डोळ्यांवर. गिरकी घेऊन थांबली होती, हे लांबूनच कळलं. ट्रक पुलाच्या अलीकडे कडेला घेतला, पिवळे दिवे चालू ठेवले, वायरलेसवर कळवलं की पोलीस पाठवा, रस्ता बंद करायला लागेल. बुटांना खिळ्यांचे पट्टे चढवले आणि उतरलो.

गाडीवाला कठड्यापाशी उभा होता. धाकटं पोर कडेवर, एक पाय कठड्यावर. आता पलीकडे जाणार, एवढ्यात मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "थांबा! पलीकडे काही नाही, खाली नदी आहे!"

तो तसाच थिजला. मग वाकून बघितलं आणि पाय खाली घेतला. त्याला दोष कसा देऊ? गाडी बंद पडली तर कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहा, हे सगळीकडे शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण अंधारात पूल पूल वाटत नाही. पलीकडे काळोख दिसतो आणि माणूस त्याला जमीन समजतो. अशा उड्यांनी लोक गेलेले आहेत.

बाई मागे डिकीशी झटापट करत होत्या. मुलांची जाड जॅकेटं आत होती. गाडीत मुलांना जाड जॅकेटावरून पट्टा बांधू नये, पट्टा सैल राहतो. या आईवडिलांनी ते नेमकं पाळलं होतं. मुलं स्वेटरवर होती. पण जॅकेटं गेली डिकीत आणि डिकी कठड्याला दाबली जाऊन अडकलेली. (तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो, जॅकेट मुलाच्या मांडीवर पांघरा, डिकीत टाकू नका.) थोरली मुलगी अजून मागच्या सीटवर होती, दप्तर छातीशी धरून.

"ताई, जॅकेटं राहू द्या. आधी इथून हलायचं."

"पण बाहेर एवढी थंडी आहे. गाडीत बसलो तर नाही का चालणार? इंजिन चालू आहे."

प्रश्न रास्त होता. बर्फाच्या वादळात आडरानात अडकलात तर गाडी सोडू नये, सायलेन्सरचं तोंड बर्फापासून मोकळं ठेवावं, मदतीची वाट बघावी. पण वाहत्या रस्त्यावर, त्यात घसरड्या पुलावर, हिशेब उलटा. जिथे पहिली गाडी घसरली तिथेच दुसरी घसरते, कारण रस्ता तोच आणि चालवणाऱ्याला दिसतंयही तेवढंच. आणि आता तिला धडकायला समोर काहीतरी उभं असतं.

मी ट्रकमधून माझी दोन चमकदार जॅकेटं आणली, मुलांना पार घोट्यापर्यंत आली. फावड्याने चालायच्या पट्ट्यावर मीठ-वाळू फेकत पुढे झालो. कठड्याला एक हात, एकामागे एक, पाऊल पूर्ण टेकवून, छोटी छोटी पावलं. बाईंच्या पायांत ऑफिसचे गुळगुळीत तळाचे बूट. त्या दोनदा गेल्याच होत्या, कठड्याने सावरल्या. थोरली म्हणाली, "पेंग्विनसारखं चालायचं, आई." तिला शाळेत शिकवलं होतं. ती एकटी नीट चालत होती.

उभं राहायचं ते वाहनं येतात त्या बाजूला, गाडीपासून लांब. वाहतुकीच्या दिशेने गाडीच्या पुढे थांबलं तर धक्क्याने तीच अंगावर यायची. ट्रक आणि गाडीच्या मध्येही थांबायचं नाही. ट्रकच्या पलीकडे पूल संपून पक्की जमीन लागते, तिथे कठड्याआड त्यांना उभं केलं.

नंतर थोड्याच वेळात एक व्हॅन आली. ट्रकचे दिवे बघून तिने बाजूची लेन धरली, वेगही कमी केला. इथपर्यंत सगळं ठीक. पण पुलावर चढताच समोरून हेडलाइट आले. व्हॅनवाल्याला वाटलं असणार, कुणीतरी उलट्या दिशेने येतंय. त्याने ब्रेक दाबला. कोरड्या डांबरावर टायरची जी पकड असते, तिचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा अशा बर्फावर उरतो. व्हॅन आडवी झाली आणि सावकाश, अगदी सावकाश घसरत जाऊन गाडीच्या मागच्या दारावर बसली. काच फुटल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. मुलगी त्याच दाराशी बसली होती.

कुणीच बोललं नाही. व्हॅनवाला धडधाकट बाहेर आला आणि दुसऱ्याच पावलाला सपशेल आडवा पडला. त्याला आणायला मला पुन्हा पुलावर जावं लागलं.

पोलिसांनी रस्ता अडवल्यावर चौघांना पोलिसांच्या गाडीत बसवलं. गाडीवाला परत परत एकच म्हणत होता, "अहो, पण गाडीत २ डिग्री दाखवत होतं. शून्याच्या वर." मी त्याला ट्रकजवळ नेऊन केबिनमधला स्क्रीन दाखवला. आमच्याकडे रस्त्याच्या पृष्ठभागाचं तापमान मोजायचा सेन्सर असतो. हवा २, रस्ता उणे २. गाडीतला आकडा हवेचा असतो. तो ३-४ च्या आसपास आला की रस्ता गोठलाय असंच धरून चालावं.

त्याचे टायर हिवाळ्याचे होते, चारही चाकांना ताकद देणारी गाडी होती. त्या गाड्यांचा मात्र मला जरा रागच आहे. जागेवरून निघताना त्या फारशा घसरत नाहीत, त्यामुळे माणसाला वाटतं रस्ता चांगला आहे. थांबताना त्यांनाही तेवढीच पकड मिळते, जेवढी इतरांना.

बाईंनी ऑफिसला फोन लावला. पलीकडून बहुधा किती उशीर होईल असं विचारलं असावं. त्या फोनकडे क्षणभर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आज नाही येत," आणि ठेवून दिला. शाळेला फोन करायचं कुणालाच सुचलं नाही. धाकट्याने तेवढ्यात विचारलं, माझं जॅकेट परत द्यायचं का. म्हटलं, घालून जा.

गाड्या उचलून नेल्यावर पुलावर चार खेपा मारल्या. मीठ पडलं म्हणजे लगेच बर्फ वितळत नाही. वेळ लागतो, वरून चाकं फिरून ते रगडलं जावं लागतं आणि रस्ता बंद असताना चाकं फक्त माझीच. पाळी संपल्यावर नोंदवहीत पुलाच्या तोंडाशी येणाऱ्या पाण्याबद्दल पुन्हा लिहिलं, या वेळी फोटो लावून. उन्हाळ्यात तिथे नवा नाला खणला. पाणी आता पलीकडच्या वळणावर येतं, ते चालू हिवाळ्याच्या यादीत आहे.